बिबड्यांना ऊन

मला किळस फार लवकर येते. लहानपणापासून येते. दुसऱ्याच्या ओठांना लागलेला पेला मी तीनदा घासते. बसच्या काचेवर कुणाच्या डोक्याच्या तेलाचा डाग दिसला तर उभी राहते, पण त्या जागेवर बसत नाही. जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी बावीस वर्षं गेली. थुंकी लावून उलटलेली पानं तिथे मी पुष्कळ पाहिली, आणि अशी पुस्तकं फळीवर ठेवल्यावर दर वेळी हात धुतले. हा स्वभाव आईचा. तो तिच्याच शेवटच्या आजारात माझ्या आडवा आला.

चौदा महिने आई अंथरुणावर होती. तिची डावी बाजू गेली होती आणि डाव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. त्या मुठीत घाम साचायचा. रोज सकाळी एकेक बोट उलगडून तळहात पुसावा लागायचा. आत पांढुरका मळ असायचा, त्याला नासलेल्या ताकासारखा वास यायचा. पुढे पाठीला जखम झाली, तिचा वास वेगळा. मी ओढणीच्या टोकाला कापूर बांधायची आणि ती नाकावरून घ्यायची. सगळं केलं मी. एक दिवसही चुकवला नाही. पण केलं ते श्वास धरून, मान वळवून.

एका दुपारी मी तिची मूठ उलगडत असताना आई म्हणाली, "तुले मनी किळस येस ना?"

आई धुळ्याकडची, दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. जळगावात मेहरूणला आमच्या घरात पन्नास वर्षं काढली, तरी बोलायची अहिराणीच. मी शाळेत जायला लागल्यापासून तिला पुस्तकी मराठीतच उत्तरं देत आले. ती एका भाषेत विचारायची, मी दुसरीत सांगायची, आणि त्यात आम्हा दोघींना काही वावगं वाटत नसे.

"नाही गं आई," मी म्हणाले. "काहीतरीच काय."

ती माझ्या नाकावरच्या ओढणीकडे बघत राहिली. मग तोंड भिंतीकडे फिरवून म्हणाली, "गोरीनी नाक नही धरं व्हतं."

गोरी म्हणजे आमच्या घरी एक वर्ष राहिलेली हंगेरीची मुलगी. माझा धाकटा भाऊ शाळेनंतर वर्षभर परदेशी शिकायला गेला. त्या योजनेची रीत अशी, की आपलं मूल पाठवायचं तर दुसऱ्यांचं एक सांभाळायचं. म्हणून ती आली. ती सतरा वर्षांची होती, मी सत्तावीसची. तिचं खरं नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून ती पहिल्याच दिवशी गोरी झाली. ती मराठी शिकायला आली होती. शिकली मात्र आईची अहिराणी, कारण दिवसभर तिच्याशी बोलणारं घरात आईशिवाय कुणी नव्हतं. मी फारशी बोलत नसे. माझ्या खोलीत तिची खाट टाकली होती, ते मला आवडलं नव्हतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात आई दोंडाईच्याला लग्नाला गेली आणि परत आली ती जुलाब-उलट्या घेऊन. मोरीपर्यंतही तिला जाता येईना. मी खोलीच्या दारात बादली धरून उभी राहिले. खरंच नुसती उभी राहिले, पाय पुढे पडेना. आणि ही पोरगी माझ्या बगलेतून आत गेली, खाली बसली, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या हाताने, नुसत्या हाताने, आईचं तोंड पुसलं.

मी नंतर सगळ्यांना सांगितलं की मी त्या दिवशी बाजूला बसले होते, शिवायचं नव्हतं, म्हणून आत गेले नाही. आमच्या घरात पाळी पाळायचे, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. पण ते खोटं होतं, आणि आईला ते माहीत होतं. कोणत्या तारखेला कोण बाजूला बसतं याचा हिशेब त्या घरात तीच ठेवायची.

पुढची एकोणीस वर्षं आईने ही गोष्ट सांगितली. भाजीवाल्या अक्कांना, शेजारणींना, मुलगी पाहायला आणि न पाहायला आलेल्या पाहुण्यांना. "पोटनी पोर दारमा उभी, आन परकी पोरनी मांडीवर लिधं." सांगताना ती हसायची. मीही हसायची. ऐकणारे माझ्याकडे बघायचे.

श्रावणात आई गेली. फोनवर गोरी मोठ्याने रडली. म्हणाली, अक्का, तू इकडे ये, मला सुट्टी आहे, आपण फिरू. भावाने तिकीट काढून पाठवलं. मावशी, आईची धाकटी बहीण, दुपारी येऊन पायरीवर बसली.

"वरीस बी नही व्हयनं, आन तू फिराले चालनी?"

"फिरायला नाही, मावशी."

"मंग काय दारवर बसाले चालनी का, इतली लांब?"

आमच्याकडे माणूस गेलं की लोक त्या घरी दारावर बसायला येतात, चार शब्द बोलतात, पाणीही न पिता उठतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो कुणाच्या दारावर जात नाही. मावशीचा टोमणा बरोबर होता. पण मी दुसऱ्याच कामाला निघाले होते. मला गोरीला एकच गोष्ट विचारायची होती: त्या दिवशी तुला खरंच किळस आली नव्हती का? ती नाही म्हणाली, तर आई बरोबर होती, आणि ज्या गोष्टीने मुलगी मुलगी होते ती माझ्यात नव्हतीच, असं मला धरून चालावं लागणार होतं. हे फोनवर विचारता येत नव्हतं. तोंड बघायचं होतं.

बरोबर मी बिबड्यांचा डबा घेतला. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, लसूण-तीळ-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि ओल्या हाताने जुन्या लुगड्यावर थापायची. भिजलेल्या ज्वारीचा आंबूस वास चार दिवस घरातून जात नाही. आई दर उन्हाळ्यात दोन डबे भरायची आणि धाकट्या डब्यावर हात ठेवून म्हणायची, "हाऊ गोरीना." तो डबा कधी हंगेरीला गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आम्हीच खायचो आणि तो धुऊन पुन्हा भरायचो. आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यात तिने भरलेला डबा मात्र तसाच राहिला होता. झाकणाखाली तिने लावलेला फडक्याचा तुकडा, वरून सुतळी. मला ती सुतळी सोडवेना. तसाच कपड्यांत गुंडाळला आणि बॅगेत घातला.

विमानतळावर गोरीने मला ओळखलं, मी तिला नाही. सतरा वर्षांची सडपातळ पोरगी माझ्या डोक्यात होती. समोर रुंद खांद्यांची, केस आखूड कापलेली बाई आली आणि तिने माझ्या दोन्ही गालांवर ओठ टेकवले. तिला सर्दी झालेली होती. गाल ओले झाले. मी ते तिच्यादेखत पुसले नाहीत, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"का व अक्का, कशी शे? जेवनी का?"

त्या हजार माणसांत, काचेच्या त्या दालनात, हा आईचा आवाज. शब्द आईचे, हेल भलताच. मी "हो" म्हणाले.

ती राजधानीपासून रेल्वेने दोन तासांवरच्या गावात राहते, शाळेत भूगोल शिकवते. नवरा नाही, एक कुत्रा आहे. पहिल्या संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने आमच्या दोन्ही ताटल्या फरशीवर ठेवल्या. कुत्र्याने त्या चाटून लख्ख केल्या, मग तिने त्या यंत्रात धुवायला लावल्या. सकाळी त्याच ताटलीत तिने मला पाव दिला. मी म्हणाले, मला सकाळी भूक नसते. तीन दिवस मला सकाळी भूक नव्हती. मी सोबत नेलेल्या शेव-चिवड्यावर दिवस काढले, तेही खोलीचं दार लावून, कागदावर घेऊन.

तिच्या घरात बूट घालून सगळीकडे जातात. पलंगाच्या कडेवर बूट टेकवून ती फोनवर बोलायची. संडासात पाणी नाही, कागद. मी रिकामी बाटली भरून आत न्यायची, आणि ती बाटली ओढणीखाली लपवून बाहेर आणायची, चोरी केल्यासारखी. हे लिहितानाही मला कानकोंडं होतं. पण मी ठरवलं आहे की या लिखाणात किळस झाकायची नाही.

तिला मला देश दाखवायचा होता. तिने यादी केली होती. वर्गातल्या मुलांना सहलीला नेतात तसं ती मला नेई, हातात छत्री, पुढे चालत, मागे वळून मोजल्यासारखी बघत. मी एकटीच होते.

पहिल्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्यांचं मोठं स्नानगृह. पिवळी राजवाड्यासारखी इमारत आणि मधोमध वाफा निघणारा हौद. थंडी कडाक्याची आणि त्या हौदात शंभरेक माणसं गळ्याइतक्या पाण्यात. म्हातारे पाण्यातच बुद्धिबळ खेळत होते. मी उनपदेवचा गरम झरा पाहिलेला आहे, पण तिथे पाणी वाहतं आणि माणसं बायका-पुरुष वेगवेगळी उतरतात. इथे सगळी एका रश्शात. मी काठावर पूर्ण कपड्यांत बसले. एका म्हाताऱ्याने ओंजळीने पाणी तोंडात घेतलं, खळखळून पुन्हा हौदातच सोडलं. थोड्या वेळाने माझ्या पायांजवळ जखमेवर लावायची पट्टी तरंगत आली. बोटाच्या मापाची, आतून तपकिरी. ती हळूहळू एका बाईच्या खांद्याकडे गेली. मी ओरडून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

"ये व अक्का, पानी गरम शे!" गोरी पाण्यातून हात हलवत होती.

मी मान हलवली. ती दोन-तीनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली.

दुसऱ्या दिवशी बाजार. लोखंडी खांबांवर उभारलेली प्रचंड मंडई. वर लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या, त्या बघून जिवाला जरा बरं वाटलं. पण खाली बघितलं तर काचेमागे डुकरांची डोकी रांगेत मांडलेली, पापण्यांच्या केसांसकट. जिभा एका परातीत, पाय दुसरीत. एका बाईने पावावर पांढरी चरबी थापली, वर कच्चा कांदा आणि लाल तिखट भुरभुरलं आणि गोरीने ते उभ्याउभ्या खाल्लं. बोटं चाटली. त्याच बोटांनी माझ्या खांद्यावरची पिशवी नीट केली. मला तिने चेरीचं गार सूप दिलं. गोड, गुलाबी, मलईचं. आमच्याकडे दूध नासलं की असंच दिसतं. ती समोर बसून बघत होती, म्हणून मी सगळं प्यायले.

त्या सूपानंतरच आम्ही चर्चमध्ये गेलो. गोरी म्हणाली, इथे आमच्या पहिल्या राजाचा हात आहे. मला वाटलं पुतळ्याचा. एका बाजूच्या खोलीत सोन्याच्या छोट्या देवळासारखी पेटी होती. गोरीने एक नाणं टाकलं, आत दिवा लागला. काचेत खराखुरा हात होता. उजवा. हजार वर्षांपूर्वीचा, वाळून काळपट तपकिरी झालेला, कातडी चिंचेच्या टरफलासारखी. आणि त्या हाताची मूठ मिटलेली होती.

माझ्या मागे माणसं रांगेत उभी होती. एका आजीने हात जोडून डोळे मिटले. मी बघत राहिले. त्या मुठीत बोटांच्या मधून काळी फट दिसत होती, आणि मला वास आला. तिथे फुलांचा आणि मेणबत्त्यांचाच वास असणार, पण मला नासलेल्या ताकाचा आला. श्वास धरून, मान वळवून मी जो हात पुसत होते तो माझ्या डोळ्यांसमोर दिवा लावून ठेवला होता, आणि लोक रांग लावून बघत होते. मग दिवा आपोआप विझला. मी बाहेर पळाले आणि चर्चच्या पायऱ्यांवर, दोनशे माणसांदेखत, गुलाबी सूप ओकले.

चपलांवर पडलं, साडीच्या काठावर पडलं. कुणीतरी फोटो काढत होतं ते थांबलं. गोरी धावत आली, माझ्याजवळ बसली, माझं कपाळ धरलं. तिने पिशवीतून कागदी रुमाल काढला आणि माझं तोंड पुसायला लागली.

तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान बाजूला वळवलेली, ओठ घट्ट मिटलेले. ती श्वास धरून होती. ती मान मी ओळखत होते. चौदा महिने मी ती तशीच वळवत आले होते.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. खिडकीबाहेर नांगरलेली काळी जमीन, मैलच्या मैल सपाट. आपल्या कपाशीच्या वावरासारखी, फक्त बांध नसलेली. माझ्या साडीच्या काठाला अजून वास येत होता. मी विचारलं.

"त्या वर्षी आई आजारी पडली होती. तू तिचं तोंड पुसलंस. तुला किळस नव्हती आली?"

तिने आधी खिडकीबाहेर पाहिलं. मग अहिराणी आणि इंग्रजीच्या मिसळीत, शब्द शोधत, जे सांगितलं ते मी इथे सरळ करून लिहिते.

ती म्हणाली, किळस? अक्का, मला तुमच्या घरात पहिले तीन महिने रोज किळस यायची. हाताने कालवलेल्या भाताची. मोरीची. त्या आंबलेल्या ज्वारीची तर इतकी, की मी गच्चीवर बसून बिस्किटं खायची. त्या दिवशी मी आत गेले, कारण तू दारात उभी होतीस. तू माझ्याशी वर्षभर बोलली नव्हतीस. मला वाटलं, आता मी आत गेले तर त्यांना कळेल की मी तुझ्यापेक्षा चांगली आहे. सतरा वर्षांची होते मी. मग मी मोरीत गेले, नळ पूर्ण सोडला, म्हणजे आवाज जाणार नाही, आणि अर्धा तास ओकत होते.

"आईला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"माहीत व्हतं." हे तिने अहिराणीतच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईने तिला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "ओकनी ना व? नळना आवाज वळखस मी." पोरगी रडायला लागली. तेव्हा आई म्हणाली, रडू नको. तू आली त्या पहिल्या महिन्यात तुझ्या पाळीचं सगळं गादीला लागलं होतं, आठवतं? "माले बी किळस ऊनी व्हती, तुनी चादर धोताना. मी बी ओकनी."

मग दोघी हसल्या, म्हणे. आणि आई म्हणाली, कोणाला सांगू नको.

गाडी एका स्टेशनवर थांबली, दोन माणसं उतरली, गाडी पुन्हा निघाली. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. मला आईची किळस आली, पाठीच्या जखमेपेक्षा जास्त. तिला एकोणीस वर्षं हे माहीत होतं. नळाचा आवाज माहीत होता, तरी तिने ती गोष्ट शेजारणींना सांगितली, पाहुण्यांना सांगितली, मला समोर बसवून सांगितली आणि हसली. गोरीनी नाक नही धरं व्हतं. धरलं होतं की! आई, तू स्वतः धरलं होतंस!

"तिने मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

गोरीने खांदे उडवले. तिला माहीत नव्हतं. मलाही नाही. मग ती म्हणाली, "तू कधी ईचारं का तिले?"

मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं होतं आईनेच, एकदा. मी नाही म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी तिने यादीतला किल्ला रद्द केला. बाहेर पिवळसर ऊन होतं. मी बॅगेतून डबा काढला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. म्हणाले, हा तुझा. आईच्या हातचा शेवटचा.

ती हात पुसून आली. डब्यावर तळहात ठेवून उभी राहिली, अगदी आई ठेवायची तसा. सुतळीची गाठ मी सोडवली. फडकं काढलं.

आत जाळी झाली होती. बिबड्यांना एकमेकांत गुंफणारी करडी, चिकट जाळी, आणि तिच्यातून भुरकट बारीक किडे वर यायला लागले. काही झाकणाच्या आतल्या बाजूला होते. दोन माझ्या बोटांवर आले. मी डबा टाकलाच असता. एवढ्या लांब, एवढ्या जपून, मी हे आणलं होतं.

गोरीने आत डोकावलं आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "ऊन नही दखाडं का?"

नव्हतं दाखवलं. वर्षाचं वाळवण ठेवून भागत नाही, मध्येमध्ये त्याला ऊन दाखवावं लागतं. आई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एकदा आणि दिवाळीनंतर एकदा सगळे डबे गच्चीवर न्यायची, चादरीवर पसरायची, चिमण्या-कावळ्यांवर राखण बसवायची. त्या एका वर्षी राखणीला गोरी होती. आईच्या आजारात मला औषधांच्या वेळा पाठ होत्या, जखमेची मलमपट्टी येत होती, पण डब्यांना ऊन दाखवायचं मला एकदाही सुचलं नाही. नंतर तर तो डबा म्हणजे देव झाला. कपाटात ठेवला, हात लावायचा नाही.

"फेकून दे," मी म्हणाले.

"का बरं? आई फेकती का?"

तिने बाल्कनीत पांढरी चादर अंथरली. पावावर अंडं फासायचे दोन ब्रश आणले, एक मला दिला. आम्ही बिबडे एकेक करून सुटे केले. जाळी ओढली की लांब तार निघायची. ब्रशने झटकलं की किडे चादरीवर पडायचे आणि चालायला लागायचे. ते मनगटावर चढत होते. एक माझ्या बांगडीत शिरला. कुत्रा आला, त्याने एक बिबडा हुंगला, शिंकला आणि आत निघून गेला. त्या घरात त्याला नकोशी वाटलेली ती पहिलीच वस्तू मी पाहिली.

बिबड्यांवर आईच्या बोटांचे ठसे होते. थापतानाच दाबून पातळ करायची तिची पद्धत होती, कडेला चार खळगे उमटायचे. उजव्या हाताचे, चांगल्या हाताचे. एकेका खळग्यात एकेक किडा बसलेला होता. मी ब्रशचं टोक घालून तो काढायची आणि पुढचा खळगा घ्यायची.

गोरी मध्येच थांबली. ब्रश खाली ठेवला. तोंडावर मनगट दाबलं आणि डोळे मिटले.

"अक्का," ती म्हणाली, "माले किळस येस."

ती माझ्याकडे बघत होती. मी "नाही" म्हणू शकले असते, तो शब्द जिभेवर तयारच असतो. तिच्या नाकावर ऊन पडलं होतं, सर्दीने ते लाल झालं होतं.

"माले बी," मी म्हणाले.

कळत्या वयात पहिल्यांदा मी अहिराणी बोलले. ते बरोबर उच्चारलं गेलं का मला माहीत नाही. गोरीने डोकं हलवलं आणि ब्रश पुन्हा उचलला. मी आणखी एकदा म्हणाले, "माले बी येस." मग रडू आलं, पण हातात बिबडा होता आणि त्यावर किडे होते, म्हणून डोळे दंडाला पुसले.

दुपारी ऊन समोरच्या इमारतीमागे गेलं तोवर निम्मे झटकून झाले होते. बाकीचे तिने चादरीसकट आत घेतले, उद्यासाठी. झालेल्यांतले चार तिने तळले. तेलात ते फुलले, आणि घरभर लसूण-तिळाचा वास सुटला. तिने ते ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवले. कोणती ताटली, हे मी विचारलं नाही.

बिबडा जरा खवट लागला. त्यात कुठेतरी किडाही राहिला असेल. गोरीने आपला मोडला, आत बघितलं, डोळे मिटून खाल्ला आणि पाणी प्यायली. मग ताटली माझ्याकडे सरकवली. तिसरा मी घेतला.